हवेतली रांग

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या घरचा लॅपटॉप सकाळी सुरळीत चालत असे आणि संध्याकाळी सातच्या सुमारास त्याला जणू ग्लानी येत असे. एखादे पान उघडायला मिनिटभर, पत्रासोबतची फाईल पाठवायला अर्धा तास. अशा वेळी सगळे जे करतात तेच आम्हीही केले. राउटर बंद करून पुन्हा चालू केला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, सेवा पुरवणाऱ्या कंपनीला दूरध्वनीवरून चार शब्द सुनावले आणि अखेरीस चार अँटेनांचा नवा राउटर विकत आणला. चार दिवस मनाचे समाधान झाले. पाचव्या संध्याकाळी पुन्हा तेच.

दोष असतो तो एखाद्या यंत्रात, ही आमची समजूत तेव्हा प्रथम ढळली. पुढे वायफायचा इतिहास वाचताना तर ती पुरतीच मोडली. हे तंत्र ज्या कल्पनेतून जन्मले तिच्यातच त्याच्या संथपणाचे बीज आहे आणि ते बीज ठाऊक नसेल तर माणूस नको तिथे दोष शोधत राहतो, असे आता आम्हाला वाटते.

या इतिहासाची सुरुवात हवाई बेटांवर होते. विद्यापीठाच्या शाखा वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेल्या, मोठा संगणक एका ठिकाणी आणि दूरध्वनीच्या तारा महाग व बेभरवशाच्या. नॉर्मन एब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली रेडिओलहरींवरून संगणक जोडण्याचे काम हाती घेतले आणि जून १९७१ मध्ये त्यांचे ‘अलोहानेट’ चालू झाले. अडचण उघड होती. सर्वांना बोलायचे एकाच लहरीवर, मग पाळी कोणी लावायची? एब्रॅमसन यांचे उत्तर धाडसी होते: कोणीच लावायची नाही. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. पलीकडून पोच आली नाही तर दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळले असे समजावे, मनाला येईल तितका वेळ थांबावे आणि पुन्हा बोलावे. या अनिर्बंध पद्धतीची किंमतही त्यांनी मांडून ठेवली. तिच्यात फार तर १८ टक्के वेळच सत्कारणी लागतो, उरलेला शांततेत किंवा गोंधळात जातो.

ही कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली तारेत आणली आणि तिला ‘इथरनेट’ हे नाव दिले. बोलण्याआधी कोणी बोलत नाही ना हे ऐकावे आणि बोलतानाही कान उघडे ठेवावेत, हा शिष्टाचार त्यांनी जोडला. तारेत तो पाळता येतो. हवेत मात्र अर्धाच पाळता येतो. स्वतः बोलत असलेल्या रेडिओला स्वतःच्या आवाजात दुसऱ्याचे ऐकू येत नाही. शिवाय हवेत असेही घडते की राउटरला दोन्ही यंत्रे ऐकू येतात, पण मध्ये भिंती असल्याने त्या दोघांना एकमेकांचा पत्ताच नसतो. या ‘छुप्या स्थानका’चे विश्लेषण टोबागी आणि क्लाइनरॉक यांनी १९७५ सालीच करून ठेवले होते. १९९७ साली वायफायचे पहिले मानक प्रसिद्ध झाले तेव्हा त्यात हाच वारसा उतरला: ऐका, थांबा, बोला, पोचेची वाट पाहा, पोच नसेल तर आणखी थांबा. खोक्यावर छापलेला वेग हा बोलण्याचा वेग असतो. थांबण्याचा काळ खोक्यावर कोणी छापत नाही.

हे सारे चालायचे कोणत्या लहरींवर? येथे इतिहासाने आणखी एक गाठ मारून ठेवली आहे. १९४७ साली अटलांटिक सिटी येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत काही पट्टे औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपकरणांसाठी राखले गेले. संदेशवहनाच्या दृष्टीने ही गावाबाहेरची गायरान जमीन होती. मायक्रोवेव्ह भट्टी २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास तापते ती याच जमिनीवर. मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने या पट्ट्यांत परवान्याशिवाय संदेशवहन करायला मुभा दिली. अट एवढीच की इतरांचा गोंगाट सोसावा लागेल आणि त्याबद्दल तक्रार करता येणार नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. वायफाय घरोघरी पोचले ते या मोकळिकीमुळे आणि संध्याकाळी अडखळते तेही तिच्यामुळेच. जी जमीन सर्वांची, तिथली गर्दीही सर्वांची.

तिसरी अडचण घराच्या भिंतींची. लहर एका वाटेने येत नाही. ती छतावर, कपाटावर, स्लॅबमधल्या सळयांवर आपटून अनेक वाटांनी येते आणि आधीच्या शब्दाचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर पडतो. या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर आले ते खगोलशास्त्राच्या अंगणातून. जॉन ओ’सुलिव्हन यांनी १९७८ साली सहकाऱ्यांसह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता; स्फोट पावणाऱ्या लहान कृष्णविवरांकडून येणारे क्षणिक रेडिओस्पंद सापडतात का, हा त्याचा विषय. स्पंद सापडले नाहीत. मात्र विस्कटलेली लहर पुन्हा नीट करण्याचे जे गणित त्या खटाटोपात हाताळले गेले, ते पुढे ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत कामी आले. एक वेगवान धारा पाठवण्याऐवजी अनेक संथ धारा शेजारी-शेजारी पाठवल्या, तर प्रतिध्वनी विरायला वेळ मिळतो. या संस्थेच्या गटाला १९९६ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. एकट्या या गटाने वायफाय शोधले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण १९९९ नंतरच्या वेगवान वायफायमध्ये ही पद्धत आहे, हे खरे.

ऑस्ट्रेलियातच पुढे घडलेली एक घटना आम्हाला दोष शोधण्याच्या कलेचा वस्तुपाठ वाटते. न्यू साउथ वेल्समधील पार्क्स येथे ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. तिला १९९८ पासून अधूनमधून चमत्कारिक क्षणिक स्पंद ऐकू येत. ते दूरच्या आकाशगंगेतून यावेत तसे दिसत, पण पृथ्वीवरचेच असावेत अशी शंका होती. त्यांना ‘पेरिटॉन’ असे नाव पडले. वीज, वातावरण असे अनेक तर्क झाले. डिसेंबर २०१४ मध्ये आसपासचा रेडिओगोंगाट नोंदवणारे एक उपकरण तिथे बसवले आणि लक्षात आले की पेरिटॉन येतो त्याच क्षणी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही खळबळ होते. हे स्पंद कामाच्या दिवशी, कामाच्या वेळातच येतात, हेही दिसत होते. २०१५ साली एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी छडा लावला. आवारातल्या स्वयंपाकघरात कोणी अधीर मनुष्य वेळ संपण्याआधीच मायक्रोवेव्हचे दार उघडी आणि बंद होता होता भट्टीतून एक उसासा निसटे. दुर्बिणीत दोष नव्हता, आकाशातही नव्हता. दोष केव्हा येतो याची नोंद ठेवली, तेव्हाच तो कुठून येतो ते कळले.

आमच्या संध्याकाळच्या ग्लानीचे स्पष्टीकरण मात्र सापडले ते ग्रनोबल या फ्रेंच शहरात झालेल्या अभ्यासात. मार्टिन उस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिले की वायफाय सर्वांना समान पाळ्या देते, समान वेळ देत नाही. सार्वजनिक नळावरची रांग डोळ्यांसमोर आणावी. प्रत्येकाला पाळीला एक हंडा, हा नियम न्याय्य दिसतो. पण एकाच्या हंड्याचे तोंड अगदी अरुंद असेल तर तो भरेपर्यंत साऱ्या रांगेला तिष्ठावे लागते. दूरच्या खोलीतले यंत्र क्षीण लहरीमुळे १ मेगाबिट इतक्या संथ वेगाने बोलते. मग ११ मेगाबिटची क्षमता असलेले शेजारचे यंत्रही १ मेगाबिटच्या खाली येते. या विसंगतीवर लिनक्स प्रणालीत नेमका उतारा तयार होऊन त्यावरचा निबंध आला तो २०१७ साली, म्हणजे १४ वर्षांनी. तो पाळ्यांऐवजी वेळ वाटून देतो.

त्याच सुमाराची दुसरी कहाणी जिम गेटिस यांची. २०१० साली घरी मोठ्या फाईली पाठवताना बाकी सारे ठप्प होते, हे पाहून ते खोलात शिरले. त्यांना दिसले की आपण ‘गर्दी’ म्हणतो ती पुष्कळदा तुंबलेली रांग असते. स्मृती स्वस्त झाल्याने प्रत्येक उपकरणात प्रचंड प्रतीक्षागृहे बांधली गेली होती आणि संदेश हरवू नये या सद्हेतूने ती तुडुंब भरत होती. येथेही एकेक उपकरण निर्दोष. बिघाड त्यांच्यामधल्या व्यवस्थेत.

इतके वाचून आम्ही घरी परतलो आणि नव्याने शोध सुरू केला, या वेळी क्रमाने. प्रथम लॅपटॉप तारेने राउटरला जोडला. वेग चोख होता, म्हणजे कंपनीला सुनावलेले चार शब्द अन्यायाचे होते. मग लॅपटॉप राउटरच्या खोलीत नेला. फरक पडेना, म्हणजे भिंती मुख्य कारण नव्हे. शेजारची हार्ड डिस्क काढून पाहिली, कारण यूएसबी ३.० च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट होतो हे इंटेलने २०१२ साली दाखवले आहे. तिचाही दोष नव्हता. आसपासचे राउटर कोणत्या चॅनलवर आहेत ते पाहिले आणि आपला राउटर ३ वरून १ वर आणला. कारण १, ६ आणि ११ हेच एकमेकांवर चढत नाहीत. एकाच चॅनलवरचे शेजारी एकमेकांचे ऐकून थांबतात, अर्धवट चढलेले नुसता गलका करतात. थोडा फरक पडला. शेवटी पार्क्सच्या धड्याप्रमाणे ग्लानीची वेळ चार दिवस लिहून ठेवली.

सात ते साडेआठ. या वेळात आई स्वयंपाक करता करता जुन्या फोनवर कीर्तनाच्या चित्रफिती लावते. फोन दहा वर्षांचा, स्वयंपाकघर घराच्या टोकाला, मध्ये तीन भिंती आणि एक फ्रीज. अरुंद तोंडाचा हंडा तो हाच.

फोन बंद करायला सांगणे सोपे होते. पण विचारले तेव्हा आई म्हणाली, “अरे, माझं कीर्तन तर रोजच अडकतं. मला वाटलं फोन जुना झाला, म्हणून बोलले नाही.” ज्याच्यामुळे सारे खोळंबतात असे आम्ही समजत होतो, तो सर्वांत जास्त खोळंबलेला होता. राउटर दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून काढून घराच्या मधल्या बोळात उंचावर बसवला आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेला, म्हणजे त्याची रांगच वेगळी झाली. तेव्हापासून दोघांचेही चालले आहे.

चार अँटेनांच्या राउटरची पावती अजून टेबलाच्या खणात आहे. त्याऐवजी जुनाच राउटर पंधरा फूट सरकवला असता तरी भागले असते.