दुसरे श्रीरामपूर आणि कंपनीचा हुकूम

प्रवरेच्या पाटपाण्यावर आणि साखरेच्या व्यापारावर वाढलेले आमचे श्रीरामपूर वयाने कोवळे आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरच्या बेलापूर स्थानकाभोवती जमलेली पेठ, 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी आणि हरेगावच्या बेलापूर कंपनीचा कारखाना, एवढ्या आधारावर ते उभे राहिले. साहजिकच जुन्या दप्तरांतून श्रीरामपूरचा शोध घेणाऱ्याच्या हाती जे कागद लागतात ते वंगदेशातील, हुगळीच्या पश्चिम तीरावरील, इंग्रज ज्याला सेरामपूर म्हणत त्या दुसऱ्याच श्रीरामपूरचे असतात. तथापि ते कागद परके म्हणून बाजूला ठेवण्याजोगे नाहीत. व्यापारी कंपनी बाजारपेठ सांभाळण्यासाठी स्वतःच्याच माणसांची वाणी कशी बंद करते, याचा एक फार जुना दाखला त्यांत आहे, आणि त्या प्रकरणाचा एक धागा थेट आपल्या नगर जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचतो.

ईस्ट इंडिया कंपनी ही ख्रिस्ती राष्ट्रातील ख्रिस्ती भागीदारांची संस्था. तरी हिंदुस्थानातील आपल्या मुलखात परवान्यावाचून धर्मोपदेशक येऊ नयेत, असा तिचा कटाक्ष होता. उपदेशाने रयत बिथरेल, रयत बिथरली की महसूल थकेल आणि व्यापार बुडेल, असा हा सरळ हिशेब होता. म्हणून 1793 साली आलेल्या विल्यम कॅरी या उपदेशकाला प्रथम निळीच्या कारखान्यावर नोकरी धरून राहावे लागले, आणि 1799 साली आलेल्या मार्शमन व वॉर्ड यांना कंपनीची हद्द टाळून डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यातील श्रीरामपुरात आश्रय घ्यावा लागला. 1800 च्या आरंभी कॅरीही तेथे गेला. त्याच ठिकाणाहून 1805 साली मराठीचे व्याकरण आणि 1810 साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला; वैजनाथ पंडितांच्या साह्याने सिद्ध झालेल्या या कामातून मराठी मुद्रणाचा पाया घातला गेला, आणि त्याची सुरुवात कंपनीच्या भूमीवर नव्हे, परक्या निशाणाच्या छायेत झाली, हे मला विशेष अर्थपूर्ण वाटते.

1806 साली वेल्लोरला शिपायांचे बंड झाले. त्याची तात्कालिक कारणे पागोटे आणि गंध यांविषयीच्या लष्करी हुकुमांत होती, परंतु विलायतेत दोषाचे खापर उपदेशकांच्या माथी फोडण्यात आले, आणि चहाच्या प्रसिद्ध व्यापारी घराण्यातील टॉमस ट्वायनिंगने 1807 साली कंपनीच्या अध्यक्षास जाहीर पत्र लिहून, हा प्रचार चालू राहिल्यास हिंदुस्थान हातचा जाईल, असा इशारा दिला. त्याच वर्षी गव्हर्नर जनरल मिंटोच्या सरकारने श्रीरामपूरचा छापखाना कलकत्त्यास, आपल्या नजरेखाली, हलविण्याची आज्ञा केली. डॅनिश गव्हर्नर क्रेफ्टिंग आड आला नसता तर ती आज्ञा अमलात येऊन चुकली असती.

आता आपल्या मुलखाकडे वळू. 1812 साली अमेरिकेहून कलकत्त्यास उतरलेल्या उपदेशकांना परत जाण्याचा हुकूम झाला. त्यांतील गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे निसटून 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले, तेव्हा येथेही हद्दपारीचा हुकूम त्यांची वाट पाहत होता. इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलेले असल्याने संशयाला जागा होती, हे खरे. पण मूळ धोरण त्याहून जुने होते. दोघांनी कोचीनपर्यंत पळ काढला, तेथून त्यांना पकडून आणले, आणि गव्हर्नर नेपिअनच्या सौम्यपणामुळे त्यांची पाठवणी लांबत गेली. तेवढ्या अवधीत विलायतेत लोकांनी पार्लमेंटपुढे शेकडो अर्ज गुदरले, आणि कंपनीच्या 1813 च्या सनदेत उपदेशकांना परवाने देण्याची तरतूद तिच्या इच्छेविरुद्ध करावी लागली. हॉल मुंबईस राहिला, 1826 साली नाशिककडच्या प्रवासात पटकीने वारला. त्याच्या मिशनने 1831 साली अहमदनगरास ठाणे केले, 1842 साली तेथूनच ‘ज्ञानोदय’ निघाले, आणि तेथल्या सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी पुण्यात जे कार्य आरंभिले ते सर्वश्रुत आहे.

यावर कोणी म्हणेल की या उपदेशकांनी आपल्या देवधर्माची जी निर्भर्त्सना केली ती थांबवणारी कंपनी आपल्या पूर्वजांची मित्रच होती. मला हे मान्य नाही. त्यांची पुष्कळशी पत्रके अविवेकी होती आणि त्यांनी आपल्या लोकांची मने दुखावली, यात शंका नाही. परंतु कंपनीला त्या मनांची चाड नव्हती, वसुलाची होती. खरा प्रतिवाद आपल्याच लोकांनी केला: मोरभट दांडेकरांनी 1831 साली उपदेशक जॉन विल्सनशी जाहीर वाद मांडला, विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर आठवड्यामागून आठवडे उपदेशकांना प्रश्नोत्तरांत गाठले. हुकुमाने गप्प केलेल्या माणसाशी असा वाद होऊ शकला नसता. आणि ज्या कंपनीला उपदेशक नकोत तिला टीकाकारही नको होते. ‘कलकत्ता जर्नल’चा संपादक बकिंगहॅम 1823 साली आणि ‘बॉम्बे गॅझेट’चा फेअर 1824 साली विलायतेस रवाना करण्यात आला.

हे सर्व आज आठवण्याचे कारण एका खेळाशी निगडित आहे. 2019 च्या 6 ऑक्टोबर रोजी ‘हर्थस्टोन’ या पत्त्यांसारख्या संगणकीय खेळाच्या आशियाई स्पर्धेत, हाँगकाँगचा ब्लिट्झचुंग हा खेळाडू सामन्यानंतरच्या मुलाखतीत मुखवटा चढवून आपल्या शहराच्या मुक्तीची घोषणा देऊन गेला. कॅलिफोर्नियातील ब्लिझार्ड कंपनीने दोनच दिवसांत त्याला वर्षभरासाठी बाहेर काढले, कमावलेले बक्षीस रोखले, आणि मुलाखत घेणाऱ्या दोघा समालोचकांशीही संबंध तोडले. आधार घेतला तो नियमावलीतील एका कलमाचा: लोकांपैकी एखाद्या गटाला दुखावणारे अथवा कंपनीच्या प्रतिमेस बाध आणणारे कृत्य करणाऱ्यास कंपनी स्वतःच्या मर्जीने शासन करील. या कंपनीचे खेळ चीनमध्ये नेटईझ या तेथील कंपनीमार्फत चालत, आणि तिच्या मूळ संस्थेच्या भांडवलात टेन्सेंट या चिनी कंपनीचा सुमारे 5 टक्के वाटा होता. चीनशी असलेल्या संबंधांचा या निर्णयाशी काही संबंध नाही, असे कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितले. मला ते पटत नाही. खेळाडू संतापले, आणि आठवडा उलटण्यापूर्वीच शिक्षा सहा महिन्यांवर येऊन बक्षीसही परत मिळाले; त्यानंतर अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही पक्षांच्या सभासदांनीही कंपनीला पत्र लिहिले.

1813 आणि 2019 या दोन्ही वेळी कंपनी नमली ती स्वतःच्या विवेकाने नव्हे, बाहेरच्या दडपणाने. मात्र एक मोठे अंतर आहे. कॅरीला डेन्मार्कचे निशाण होते, हॉलच्या पाठीशी पार्लमेंटची सनद उभी राहिली. आजच्या खेळाडूला कंपनीच्या अमलाबाहेरची तसूभरही भूमी नाही, कारण मैदान, पंच, खाते आणि कायदा हे चारही कंपनीचेच असतात, आणि करारावर संमतीची खूण केल्यावाचून त्याला त्या मैदानात पाऊलही टाकता येत नाही.

आपल्या देशात 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला रीतसर खेळाचा दर्जा दिला आहे, आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांतील मुलेही अशा खेळांकडे उद्याचा व्यवसाय म्हणून पाहू लागली आहेत. ज्यांच्या हाती या खेळांचे नियम आहेत त्यांना माझी विनंती एवढीच, की सामन्याबाहेर व्यक्त केलेल्या राजकीय मतासाठी कोणाचेही कमावलेले बक्षीस जप्त होऊ नये, आणि कोणतीही बंदी घालण्यापूर्वी कंपनीशी संबंध नसलेल्या पंचापुढे खेळाडूची बाजू ऐकली जावी, असे स्पष्ट कलम त्यांत घालावे.