शेजाऱ्याचा भार कोणीं वाहावा?
लिव्हरपूल शहराच्या इतिहासांतील एक धडा

महोत्सवाच्या अंकांत देवालयाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणत्या सालीं टांगली गेली, कोणकोणते धर्मगुरु येथें येऊन गेले, याचा वृत्तान्त द्यावयाचा ही रूढ चाल आहे, आणि ती योग्यहि आहे. परंतु धर्मग्रामाचा इतिहास म्हणजे केवळ दगडचुन्याचा इतिहास नव्हे. देवालयाच्या सांवलींत जो म्हातारा एकटा पडला आहे, जी विधवा अंथरुणास खिळली आहे, ज्या घरांत साथीचा ताप शिरला आहे, त्यांची विचारपूस कोणीं केली, हाहि त्या इतिहासाचाच भाग होय. हें काम कोणाचें? मुलांचें, शेजाऱ्यांचें, धर्मग्रामाचें, कीं नगरपालिकेचें? या प्रश्नाशीं चारशें वर्षें झगडलेल्या इंग्लंड देशाची, आणि त्यांतल्या त्यांत तेथील लिव्हरपूल या बंदराची हकीकत आज वाचकांपुढें मांडावी असें वाटतें. त्या हकीकतींत दहा कॅथलिक धर्मगुरूंचे प्राण गुंतले आहेत, आणि ती शेवटीं एका ख्रिस्तमंदिराच्या पायाशीं येऊन थांबते.

आपण ‘पॅरिश’ म्हणतों तेव्हां आपल्या डोळ्यांपुढें धर्मग्राम उभा राहतो. इंग्लंडांत मात्र या शब्दाला कित्येक शतकें दुसराहि एक अर्थ होता. पॅरिश म्हणजे पट्टी बसविणारी, रस्ते दुरुस्त करणारी आणि गरिबांना पोसणारी सर्वांत लहान राज्यसंस्था. मध्ययुगांत भुकेल्यांना अन्न व आजाऱ्यांना आसरा देण्याचा बराच भार मठांनीं व धार्मिक बंधुसंघांनीं उचलला होता. आठव्या हेन्री राजानें १५३६ ते १५४० या काळांत मठ मोडले, त्यांच्या जमिनी खालसा केल्या, आणि तो आसरा नाहींसा झाला. पुढें त्या शतकांत धान्याचे भाव चढत गेले व निराधारांचे तांडे रस्तोरस्तीं हिंडूं लागले. शेवटीं एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत, १६०१ सालीं, दरिद्रपोषणाचा प्रसिद्ध कायदा झाला. त्यानें प्रत्येक पॅरिशवर असें बंधन घातलें कीं, देवालयाचे कारभारी व त्यांच्या जोडीला नेमलेले देखरेख करणारे गृहस्थ यांनीं गांवकऱ्यांकडून गरीबपट्टी वसूल करावी. आंधळे, पांगळे, वृद्ध व काम करण्यास असमर्थ अशांना मदत द्यावी. आणि धडधाकट माणसाला काम द्यावें. दान हें तोंवर प्रत्येकाच्या इच्छेचें पुण्यकर्म होतें. आतां तें पट्टीच्या रूपानें सर्वांचें कर्तव्य झालें.

या व्यवस्थेंत एक मोठा गुण होता आणि एक मोठा दोष. गुण असा कीं, मदत देणारा मदत घेणाराला नांवानिशीं ओळखत असे. कोणाचें छप्पर गळतें, कोणाला सरपण नाहीं, हें त्याला दारावरून जातांना दिसे. दोष असा कीं, पट्टी आमच्या गांवची, तेव्हां ती परक्यावर कां खर्चावी, ही वृत्ति तिच्या पोटींच जन्मली. १६६२ च्या कायद्यानें तर पॅरिशला असा अधिकार दिला कीं, जो मनुष्य आपल्या आश्रयास येऊन भार होईलसें वाटेल त्याला त्याच्या मूळ पॅरिशकडे परत पाठवावें. तेव्हांपासून गरिबाला पहिला प्रश्न ‘तुला काय दुखतें?’ असा न होतां, ‘तूं कोठला?’ असा होऊं लागला.

लिव्हरपूलमध्यें हा प्रश्न फार तीव्र झाला. व्यापारानें तें बंदर भराभर वाढलें. तेथील गरिबांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला देवालयाच्या जुन्या सभेवरून ‘व्हेस्ट्री’ हेंच नांव होतें. तिनें ब्राउनलो हिल या टेकडीवर वर्कहाउस, म्हणजे दरिद्रगृह, चालविलें होतें. पुढें त्यांत तीन हजारांवर माणसें राहूं लागलीं. १८३४ सालीं इंग्लंडांत नवा कायदा होऊन असें तत्त्व ठरलें कीं, दरिद्रगृहांतील राहणी बाहेरच्या अगदीं गरीब मजुराच्या राहणीहून हलकी असावी, म्हणजे आळशी माणूस तेथें येणार नाहीं. आळशाला लावलेली ही कसोटी म्हाताऱ्याला व रोग्यालाहि लागली, हें त्या तत्त्वाचें पाप.

त्याच वेळीं शहरांतील हजारों कुटुंबें दाट, बंदिस्त चौकांत आणि सुमारे २० हजार माणसें जमिनीखालच्या ओलसर तळघरांत राहत होतीं. १८३२ सालीं पटकीची साथ आली तेव्हां किटी विल्किन्सन नांवाच्या एका गरीब, आयर्लंडांत जन्मलेल्या बाईजवळ पाणी तापविण्याचा एक बंब होता. तिनें शेजाऱ्यांना आपल्या स्वयंपाकघरांत बोलावून रोग्यांचे कपडे व अंथरुणें उकळून धुण्याची सोय करून दिली. तिच्या या उदाहरणावरून नगरपालिकेनें १८४२ सालीं सार्वजनिक स्नानगृह व धुलाईघर उघडलें, आणि १८४६ सालीं किटी व तिचा पति यांनाच तेथें व्यवस्थापक नेमलें. एका शेजारणीनें केलेलें काम नगरपालिकेनें आपलें केलें.

दुसरें पाऊल डॉक्टर विल्यम हेन्री डंकन यांच्या नेमणुकीचें. लिव्हरपूलनें १८४६ सालीं स्वतःपुरता स्वच्छतेचा कायदा मिळविला, आणि १ जानेवारी १८४७ पासून डंकन हे त्या शहराचे, किंबहुना त्या देशांतील पहिले, आरोग्याधिकारी झाले. रोग हा घाण हवेंतून येतो अशी त्यांची समजूत होती. ती आज चुकीची ठरली आहे. तथापि घाण काढा, गटारें बांधा, तळघरें रिकामीं करा, शुद्ध पाणी आणा, हा त्यांचा उपाय बरोबर होता. जेम्स न्यूलँड्स या अभियंत्यानें १८४८ पासून शहरभर गटारांची योजनाबद्ध बांधणी सुरू केली.

परंतु डंकन यांनीं काम हातीं घेतलें न घेतलें तोंच संकट कोसळलें. आयर्लंडांत १८४५ पासून बटाट्याचें पीक कुजून दुष्काळ पडला होता. एकट्या १८४७ सालीं सुमारे ३ लाख आयरिश लोक या बंदरांत उतरले. जवळजवळ शहराची वस्ती तितकेच ते. पुष्कळ पुढें अमेरिकेस गेले. ज्यांच्याजवळ भाडें नव्हतें ते त्याच तळघरांत दाटीनें शिरले. त्यांच्यांत टायफस नांवाचा ज्वर पसरला. हा रोग उवांमार्फत पसरतो हें शार्ल निकोल या शास्त्रज्ञानें १९०९ सालीं सिद्ध केलें. त्या वेळीं कोणासहि ठाऊक नव्हतें. व्हेस्ट्रीनें तात्पुरते दवाखाने उभारले, नदींत जहाजें नांगरून त्यांवर रोगी ठेवले, रोज हजारोंना अन्न वांटलें. तरीहि माणसें मरत राहिलीं.

अशा वेळीं कॅथलिक धर्मगुरु तळघरांच्या पायऱ्या उतरून आंत जात होते. मरणोन्मुखाचा पापांगीकार ऐकावयाचा म्हणजे त्याच्या ओठांशीं कान न्यावा लागे, आणि तो ज्या पेंढ्यावर पडला असे त्याच पेंढ्यावर गुडघे टेकावे लागत. त्या एका वर्षांत दहा धर्मगुरु त्याच ज्वरानें मरण पावले. सेंट पॅट्रिकच्या देवालयासमोर त्यांच्या स्मरणार्थ क्रूस उभा आहे. गरिबांत काम करणारे जॉन जॉन्स नांवाचे युनिटेरियन पंथाचे उपदेशकहि त्याच वर्षीं त्याच रोगानें गेले. रोगानें पंथ पाहिला नाहीं आणि सेवकांनींहि पाहिला नाहीं.

याच वर्षाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ज्या व्हेस्ट्रीनें अन्न वांटलें तिनेंच, गरीबपट्टीचा बोजा असह्य झाला म्हणून, कायद्याचा आधार घेऊन सुमारे १५ हजार आयरिश निराधारांना बोटींवर चढवून दुष्काळी आयर्लंडांत परत धाडलें. तिला क्रूर म्हणणें सोपें आहे. परंतु देशावर आलेलें संकट एकाच शहराच्या पट्टीवर लादलें गेलें होतें हेंहि खरें. स्थानिक संस्था कितीहि दयाळू असली तरी तिची दया तिच्या सीमेपाशीं अडखळते; सीमेपलीकडच्या माणसासाठीं सबंध राष्ट्रानें हात पुढें करावा लागतो.

यानंतरची सुधारणा पुन्हां एका घरांतूनच निघाली. १८५९ सालीं विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची पत्नी दीर्घ आजारानें वारली. तिची शुश्रूषा केलेल्या मेरी रॉबिन्सन या नर्सला त्यांनीं गरिबांच्या घरीं जाऊन रोग्यांची सेवा करण्याच्या कामावर ठेवलें. पुढें फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्यानें नर्सेसची शिक्षणशाळा निघाली, आणि शहराचे १८ विभाग पाडून प्रत्येक विभागांत घरोघर जाणारी नर्स नेमली गेली. रॅथबोन यांनींच खर्च सोसून १८६५ सालीं अॅग्नेस जोन्स यांना बारा शिकलेल्या नर्सेससह ब्राउनलो हिलच्या दरिद्रगृहांत आणलें. तोंवर तेथें रोग्यांची शुश्रूषा दरिद्रगृहांतलेच अशिक्षित आश्रित करीत. अॅग्नेस जोन्स तीन वर्षें राबल्या आणि १८६८ च्या फेब्रुवारींत, वयाच्या ३५ व्या वर्षीं, टायफसनेंच गेल्या. पण दरिद्री रोग्यालाहि शिकलेली नर्स हवी, ही गोष्ट त्यांनीं सिद्ध केली. १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवासाठीं देशांतील स्त्रियांनीं जमविलेल्या निधींतून सुमारे ७० हजार पौंड अशा घरोघर फिरणाऱ्या नर्सेसच्या संस्थेसाठीं दिले गेले. महोत्सव साजरा करणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. १ एप्रिल १९३० रोजीं दरिद्रपोषणाचीं जुनीं मंडळें रद्द होऊन तें काम जिल्हा व नगर कौन्सिलांकडे आलें. ५ जुलै १९४८ रोजीं दोन मोठ्या गोष्टी एकाच दिवशीं अंमलांत आल्या: सर्वांना मोफत औषधोपचार देणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा, आणि जुना दरिद्रपोषणाचा कायदा संपवून वृद्ध व दुर्बळ यांना निवारा देण्याचें कर्तव्य कौन्सिलांवर टाकणारा नवा कायदा. तरी कित्येक ठिकाणीं त्याच जुन्या इमारतींना वृद्धगृह असें नांव मिळालें एवढेंच. पीटर टाउनसेंड यांनीं १९६२ सालीं आपल्या पुस्तकांत हें दाखवून दिलें. घरोघर शुश्रूषा करण्याचें काम १९७४ पर्यंत कौन्सिलांकडे होतें, मग तें राष्ट्रीय सेवेकडे गेलें. सार्वजनिक आरोग्याचें काम २०१३ सालीं पुन्हां कौन्सिलांकडे आलें. २०१४ च्या कायद्यानें प्रौढ व्यक्तीचें कल्याण साधणें हें त्यांचें कर्तव्य ठरविलें. मात्र १९४८ सालीं पडलेली फट इंग्लंडांत अद्याप बुजलेली नाहीं. हाड मोडलें तर उपचार फुकट. परंतु म्हातारपणीं आंघोळ घालावयास, जेवूं घालावयास माणूस लागला, तर कौन्सिल आधीं त्याची मिळकत तपासते. रोग कोठें संपतो आणि जरा कोठें सुरू होते हें कायद्याला ठरवावें लागतें. आईला उठवून बसविणाऱ्या मुलीला तो भेद दिसत नाहीं.

आणि तें ब्राउनलो हिलचें दरिद्रगृह? तें १९२८ सालीं बंद झालें. १९३० सालीं ती जागा लिव्हरपूलच्या कॅथलिक महाधर्मप्रांतानें विकत घेतली. १९३३ सालीं तेथें पायाचा दगड बसला, आणि १९६७ सालीं ख्रिस्तराजाचें प्रधान मंदिर पवित्र करण्यांत आलें. ज्या टेकडीवर आयर्लंडांतून आलेले निराधार हातांत वाडगा घेऊन उभे राहत, तेथेंच आतां त्यांच्या वंशजांचें महामंदिर उभें आहे.

धर्मबंधूंनो व भगिनींनो, ही कथा आपल्याला परकी नाहीं. १८६५ च्या कायद्यानें मुंबईच्या म्युनिसिपालिटींतहि आरोग्याधिकारी आला, आणि १८९६ पासून प्लेग आला तेव्हां त्या पद्धतीची कसोटी लागली. आपल्या गांवठणांतून उभे असलेले प्लेगचे क्रूस त्या दिवसांची साक्ष देतात. १९९२ सालीं झालेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीनें ग्रामपंचायती व नगरपालिका यांच्याकडे सोंपवावयाच्या विषयांत सार्वजनिक आरोग्य आणि दुर्बळांचें हितरक्षण हे विषय घातले. २००७ च्या कायद्यानें वृद्ध आईबापांचा निर्वाह हें मुलांचें कर्तव्य ठरविलें. कायदे आहेत, परंतु कायदा दारापर्यंत चालत येत नाहीं. त्याला कोणीतरी हात धरून आणावें लागतें.

लिव्हरपूलच्या इतिहासाचा धडा आमच्या अल्पमतीप्रमाणें हाच. नगरपालिकेवांचून चालत नाहीं, कारण गटार, पाणी व दवाखाना एकट्या भल्या माणसाच्या आवांक्यांतले नव्हेत. पण नगरपालिकेला पहिली वाट दाखविली ती बंब तापविणाऱ्या शेजारणीनें आणि पत्नीच्या दुःखांतून जागा झालेल्या व्यापाऱ्यानें. धर्मग्रामाचें काम नगरपालिकेची जागा घेण्याचें नव्हे. ज्याचें नांव कोणत्याहि यादींत नाहीं तो कोठें पडला आहे हें शोधावें, आज त्याची सेवा करावी, आणि उद्यां त्याचा हक्क त्याला मिळावा म्हणून संबंधित कचेरींत त्याच्यासह जाऊन उभें राहावें, हें आपलें काम. चांगल्या शोमरोनीनें जखमी माणसाला ‘तूं कोठला?’ असें विचारलें नाहीं. या महोत्सवाच्या वर्षीं आपल्या प्रत्येक आळींतील अंथरुणास खिळलेल्यांची व एकट्या राहणाऱ्या वृद्धांची एक वही तयार झाली, आणि तींत जातपात व पंथ यांचा रकाना नसला, तर हा महोत्सव सार्थकीं लागला असें पुढील पिढी म्हणेल.