दहा सेंटांचा चाकू आणि एक दडपलेला अहवाल

न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम या भागांत, १२५ व्या रस्त्यावर, क्रेस नांवाचें एक मोठें दुकान होतें. किरकोळ जिन्नस पांच, दहा किंवा पंचवीस सेंटांना विकावयाचे, अशा धाटणीचीं जीं दुकानें त्या काळीं अमेरिकेंत गांवोगांवीं निघालीं होतीं, त्यांपैकींच हें एक. १९ मार्च १९३५ रोजीं दुपारीं अडीचच्या सुमारास या दुकानांत लिनो रिव्हेरा नांवाच्या सोळा वर्षांच्या पोर्तोरिकन मुलानें एक चाकू उचलून खिशांत घातला. चाकूची किंमत दहा सेंट. दुकानांतील माणसांनीं त्याला धरलें, झटापट झाली, मुलगा त्यांच्या हातांना चावला, मग पोलीस शिपाई आला. दुकानाच्या चालकाला फिर्याद करावयाची नव्हती. तेव्हां दर्शनी दाराशीं जमलेली गर्दी टाळावी म्हणून शिपायानें मुलाला तळघरांतून नेलें आणि मागच्या, म्हणजे १२४ व्या रस्त्यावरील, दारानें सोडून दिलें. मुलगा आपल्या वाटेनें निघून गेला. प्रकरण येथेंच संपावयास कांहींच हरकत नव्हती.

परंतु दुसरी पहाट उजाडेपर्यंत हार्लेममधील शेंकडों दर्शनी कांचा फुटल्या होत्या, शंभरावर लोकांना अटक झाली होती, आणि त्या रात्रीं झालेल्या जखमांनीं पुढें निदान तीन माणसें दगावलीं. ज्या मुलासाठीं हें सारें झालें त्याच्या अंगाला पोलिसानें त्या दिवशीं बोटही लावलें नव्हतें म्हटलें तरी चालेल. पोलिसी बळजोरीच्या इतिहासांत आम्हांस हें प्रकरण विशेष विचार करण्याजोगें वाटतें तें याच कारणासाठीं. जेथें मारहाण उघड झाली तेथें लोक कां चिडले हें विचारावें लागत नाहीं. येथें मारहाण झालीच नव्हती. तरीही ती झाली असें हजारों शहाण्यासुरत्या माणसांना वाटलें. तें कां वाटलें, या प्रश्नावर पुढें जो वाद झाला तो दंगलीपेक्षांही बोधप्रद आहे.

आधीं त्या दुपारचा क्रम पाहूं. मुलाला तळघराकडे नेतांना पाहून एक बाई ओरडली कीं त्याला आंत बडवावयास नेत आहेत. थोड्या वेळानें इस्पितळाची गाडी आली. ती आली होती चावा घेतलेल्या नोकरांना मलमपट्टी करावयास. काम झाल्यावर रिकामी परत गेली. लोकांनीं अर्थ काढला कीं उचलून न्यावें असें आंत आतां कांहीं उरलेलें नाहीं! इतक्यांत दुकानाच्या मागच्या रस्त्यावर प्रेतें वाहून नेणारी एक मोटार उभी असलेली कोणाच्या तरी दृष्टीस पडली. तिचा या प्रकरणाशीं कवडीचाही संबंध नव्हता. पण आतां संशयाला जागा राहिली नाहीं. मुलगा मेला, अशी कंडी पिकली. दुकानांत असलेल्या बायका मुलाला दाखवा म्हणून अडून बसल्या. यावर पोलिसांनीं काय करावें? त्यांनीं विचारणारांना घरीं जावयास सांगितलें, न जाणारांना ढकललें, दुकान वेळेपूर्वीं बंद करविलें. रस्त्यावर एक वक्ता बोलावयास उभा राहिला, तोंच कोठून तरी दगड येऊन दुकानाची कांच फुटली. पोलिसांनीं त्या वक्त्याला खालीं ओढून पकडलें. त्याच्यामागून जो उभा राहिला त्यालाही पकडलें. मग सगळा रस्ता पेटला.

मुलाला आम्हीं अमक्या दारानें सोडलें, त्याचें नांव अमुक, तो अमक्या ठिकाणीं राहतो, एवढीं चार वाक्यें कोणी अधिकाऱ्यानें उंबरठ्यावर उभें राहून सांगितलीं असतीं, तर गर्दी पांगली असती काय? आम्हांस खात्रीनें सांगतां येत नाहीं. रात्रीं उशिरां पोलिसांनीं रिव्हेराला शोधून काढला आणि सॅम्युएल बॅटल या लेफ्टनंटाशेजारीं उभा करून त्याचें छायाचित्र काढविलें. बॅटल हे १९११ सालीं न्यूयॉर्कच्या पोलीसदलांत नेमलेले पहिले कृष्णवर्णीय शिपाई. त्यांच्यासारख्याच्या शेजारीं मुलगा धडधाकट उभा दिसला म्हणजे लोकांची समजूत पटेल, हा हेतु उघड आहे. तथापि हा कोणी दुसराच मुलगा पुढें केला आहे, असें मानणारे लोक हार्लेममध्यें पुढेंही होतेच. (येथें २५ मे १९२० नव्हे, २०२० चें मिनिआपोलिस आठवल्यावांचून राहत नाहीं. तेथेंही आरंभ एका दुकानांतच झाला. जॉर्ज फ्लॉइड यानें दिलेली वीस डॉलरांची नोट खोटी असावी, या संशयावरून पोलिसांना बोलावणें गेलें. एका अधिकाऱ्यानें नऊ मिनिटांहून अधिक काळ त्याच्या मानेवर गुडघा दाबून धरला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनांत त्या गुडघ्याचा उल्लेखही नव्हता. रस्त्यावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या एका मुलीनें चित्रण करून ठेवलें होतें, म्हणून खरा प्रकार जगाला कळला आणि २०२१ च्या एप्रिलमध्यें त्या अधिकाऱ्यावर खुनाचा गुन्हा शाबीत झाला. १९३५ सालीं पोलिसांना छायाचित्र हवें होतें तें मुलगा जिवंत आहे हें पटविण्यासाठीं. २०२० सालीं लोकांना तें लागलें तें माणूस कसा मेला हें सिद्ध करण्यासाठीं.)

हार्लेमच्या लोकांनीं एवढ्या सहजपणें वाईटावर विश्वास ठेवला, त्याला पूर्वपीठिका होती. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागें हा भाग गोऱ्यांच्या वस्तीचा कृष्णवर्णीयांचा झाला. वाचकांस हें ऐकून कौतुक वाटेल कीं, हा पालट चालू असतांनाच, १९१३ ते १९१६ या वर्षांत, हार्लेमला लागून असलेल्या टेकडीवरील कोलंबिया विद्यापीठांत भीमराव आंबेडकर शिकत होते. वस्ती पालटली, पण १२५ व्या रस्त्यावरील दुकानांची मालकी पालटली नाहीं. गिऱ्हाईक काळें, गल्ल्यावरचा माणूस गोरा, असा तो व्यवहार होता. १९२९ नंतरच्या मंदीनें लोकांच्या नोकऱ्या गेल्या तशी ही विषमता अधिकच बोंचूं लागली. जेथें नोकरी मिळत नाहीं तेथें खरेदी करूं नका, अशी चळवळ उभी राहिली, आणि १९३४ च्या उन्हाळ्यांत ब्लूमस्टीन या मोठ्या दुकानापुढें लोकांनीं फलक घेऊन फेऱ्या मारण्यास आरंभ केला. मुंबईच्या रस्त्यांवर १९३० सालीं परदेशी कापडाच्या व्यापारावर झालेलें निरोधन आणि त्यांत गेलेला बाबू गेनूचा बळी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रकार समजावून सांगण्याचें कारण नाहीं. ब्लूमस्टीननें अखेर नमतें घेऊन कृष्णवर्णीय मुलींना नोकरीस ठेवण्याचें कबूल केलें. पण पुढें चळवळींतच फूट पडली. मुली उजळ वर्णाच्याच निवडल्या, हीही एक तक्रार होती. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत जोड्यांच्या एका दुकानानें न्यायालयाकडे धांव घेतली. आणि हा मजुरांचा तंटा नव्हे, वर्णाचा तंटा आहे, या कारणावरून न्यायालयानें निरोधनास मनाई केली. दुकानापुढें शांतपणें उभें राहण्याचा मार्ग अशा रीतीनें बंद झाला. त्या दाराशीं उभे राहण्याचा अधिकार आतां एकट्या पोलीस शिपायाला उरला. याच मुदतीचा प्रश्न पुढें वॉशिंग्टनमधील किराणा दुकानांच्या एका खटल्यांत १९३८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें गेला व निकाल निरोधन करणारांच्या बाजूनें लागला. पण तो हार्लेमच्या त्या संध्याकाळला तीन वर्षें उशिरां.

पोलिसांच्या बाजूचें वातावरणही सांगितलें पाहिजे. १९३४ च्या अखेरीस कमिशनर लुइस व्हॅलेंटाइन यांनीं आपल्या माणसांना, अट्टल गुंड नीटनेटके चौकींत येतां कामा नयेत, त्यांच्या अंगावर मार दिसला पाहिजे, अशा आशयाचा उघड उपदेश केला होता. तो गुंडांपुरता होता, हें खरें. परंतु गुंड कोण हें रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायानेंच ठरवावयाचें असल्यामुळें हार्लेममध्यें त्या उपदेशाचा अर्थ काय होत असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं.

दंगलीनंतर दोन बाजू पडल्या. सरकारी वकील डॉज यांनीं सगळा दोष कम्युनिस्टांच्या माथीं मारला. कारण मुलाला मारहाण झाली असें सांगणारीं पत्रकें त्या संध्याकाळीं खरोखरच वांटलीं गेलीं होतीं. मेयर ला गार्डिया यांनीं मात्र एक चौकशी-मंडळ नेमलें, व त्यांत गोरे आणि काळे असे दोन्ही सभासद घेतले. कवि काउंटी कलन, मजूर-पुढारी फिलिप रँडॉल्फ, संपादक ऑस्वाल्ड व्हिलार्ड, नागरिक स्वातंत्र्याचे प्रसिद्ध वकील आर्थर गारफील्ड हेज हीं त्यांतलीं कांहीं नांवें. अभ्यासाचें काम समाजशास्त्रज्ञ फ्रँकलिन फ्रेझियर यांच्याकडे होतें. मंडळानें उघड बैठकी भरविल्या आणि त्यांत हार्लेमच्या सामान्य माणसाला पोलिसांसमक्ष बोलण्याची संधि दिली. श्रोते गोंगाट करीत, पोलिसांची हुर्यो करीत; शिष्टांना हें रुचलें नाहीं. आमच्या मतें त्या बैठकींचें मोल तेथेंच होतें. पत्रकांविषयीं मंडळाचा निर्णय असा पडला कीं, तीं रस्त्यावर आलीं तेव्हां कांचा फुटावयास सुरुवात होऊन गेली होती. आणि हा काळ्यागोऱ्यांचा परस्परांवरील हल्ला झाला नाहीं, लोकांचा राग मालमत्तेवर गेला, याचें बरेंच श्रेय मंडळानें उलट कम्युनिस्टांनाच दिलें.

पण चौकशींत सर्वांत जड गेलें तें लॉइड हॉब्ज याचें प्रकरण. हाही सोळा वर्षांचाच मुलगा. मध्यरात्रीनंतर चित्रपट पाहून भावाबरोबर घरीं परतत असतां मोटारीचें सामान विकणाऱ्या एका फुटलेल्या दुकानापाशीं गर्दी पाहून दोघे थबकले. पोलिसांची गाडी आली, लोक पळाले, हेही पळाले; एका शिपायानें गोळी झाडली. ३० मार्चला हॉब्ज इस्पितळांत वारला. पोलिसांचें म्हणणें, तो लूट घेऊन पळत होता. त्याच्यापाशीं मोटारीचा भोंगा आणि पाने सांपडले. साक्षीदारांनीं त्याच्या हातांत कांहींच पाहिलें नव्हतें, इशाराही ऐकला नव्हता. आणि त्या वस्तु दप्तरांत आल्या त्या मागाहून. मंडळानें या गोळीबाराचा स्पष्ट निषेध केला. ग्रँड ज्यूरीनें शिपायावर आरोप ठेवण्याचें नाकारलें.

म्हणजे पाहा, तळघरांतला जो मृत्यु घडलाच नव्हता त्याच्यासाठीं हार्लेम पेटलें, आणि रस्त्यावरचा जो मृत्यु घडला त्याचा जाब कोणाला द्यावा लागला नाहीं. अफवा पसरविणारांना दोष देणारे लेखक हा दुसरा भाग बहुधा गाळतात. अफवेवर विश्वास ठेवणारा माणूस भोळा असतो असें मानण्याची आपणां सर्वांनाच संवय आहे. हार्लेमचा माणूस भोळा नव्हता. त्याचा अंदाज त्या दुपारपुरता चुकला, त्या रात्रीपुरता चुकला नाहीं.

मंडळाचा अहवाल १९३६ च्या वसंतांत तयार झाला. घरें, शाळा, इस्पितळ, बेकारांची मदत, नोकऱ्यांतील पक्षपात या सर्वांचा त्यांत पंचनामा होता, आणि पोलिसांविषयीं एक साधी शिफारस होती: पोलिसांकडून जाच झालेल्या माणसाला आपलें गाऱ्हाणें नेतां यावें अशी हार्लेमच्या नागरिकांची एक समिति असावी. मेयरांनीं अहवाल खात्यांच्या प्रमुखांकडे अभिप्रायासाठीं पाठविला. प्रमुखांना तो अर्थातच अतिरंजित वाटला. आणि तो प्रसिद्ध झालाच नाहीं. अखेर १९३६ च्या जुलैमध्यें ‘ॲम्स्टरडॅम न्यूज’ या हार्लेमच्याच वर्तमानपत्रानें तो मिळवून छापला. ला गार्डिया हे दुष्ट गृहस्थ नव्हते, हें येथें न सांगणें अन्यायाचें होईल. गरिबांसाठीं चाळींची नवी वसाहत, इस्पितळाची वाढ, शाळा, अशीं अहवालांतलीं बरींच कामें त्यांनीं पुढें मनावर घेतलीं. विटा आणि चुना लागणाऱ्या सुधारणा झाल्या. पोलिसाला बाहेरच्या माणसापुढें उभें करणारी तेवढी राहिली.

१ ऑगस्ट १९४३ रोजीं हार्लेमच्याच एका हॉटेलांत पोलिसानें एका कृष्णवर्णीय सैनिकाला गोळी घातली. जखम जीवावरची नव्हती. पण सैनिक मेला अशी वार्ता पसरली आणि त्या रात्रीं सहा माणसें मेलीं. १९५३ सालीं पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठीं एक मंडळ निघालें, पण त्यांत बसले पोलीस खात्याचेच अधिकारी. १९६४ च्या जुलैमध्यें पंधरा वर्षांच्या एका मुलावर पोलीस अधिकाऱ्यानें गोळी झाडल्यानंतर हार्लेम पुन्हां पेटलें. १९६६ सालीं मेयर लिंडसे यांनीं त्या मंडळांत नागरिकांचें बहुमत केलें. पोलिसांच्या संघटनेनें त्याविरुद्ध शहरभर रान उठविलें आणि नोव्हेंबरांत सार्वमतानें तें मोडून काढलें. केवळ नागरिकांचें तक्रार-मंडळ न्यूयॉर्कला मिळालें तें १९९३ मध्यें, म्हणजे त्या दहा सेंटांच्या चाकूनंतर अठ्ठावन्न वर्षांनीं. हॉब्जवर गोळी झाडणाऱ्या शिपायावर खटला कधींच चालला नाहीं.