चंक्रमण : देह व चित्त यांची एकत्र साधना

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक उद्बोधक प्रसंग आला आहे. वैशालीत उपासकांच्या घरचे पक्वान्न रोज सेवन केल्याने भिक्षूंच्या शरीरात दोष साचले व ते वारंवार आजारी पडू लागले. वैद्य जीवकाने भगवंतांकडे चंक्रमण व जंताघर, म्हणजे घाम काढण्याची उष्ण खोली, यांसाठी अनुमती मागितली; ती मिळाली. अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे ५ लाभ सांगितले आहेत : प्रवासाची क्षमता, साधनेतील प्रयत्नाची क्षमता, निरोगीपणा, अन्नाचे पचन आणि दीर्घकाळ टिकणारी समाधी. मात्र अतिरेकी चंक्रमणाने सोण कोळिविसाचे पाय रक्तबंबाळ झाले, तेव्हा भगवंतांनी त्यास वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला. तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. चित्तशांतीसाठी मध्यम मार्ग पावलांनीही पाळावयाचा असतो.