मोजायचं काय, आठवण की सोबत? डिमेन्शियाच्या गायनवृंदांची छोटी गोष्ट



सिनॉप्सिस लिहायला बसलं की एखादं वाक्य आपण फारसा विचार न करता लिहून टाकतो, कारण ते इतकं उघड वाटतं. माझ्या पहिल्या मसुद्यात ते असं होतं : ‘समूहगानामुळे डिमेन्शिया असलेल्या व्यक्तींची स्मरणशक्ती सुधारते.’ गाईड मॅडमनी त्याखाली पेन्सिलने तीन प्रश्न लिहिले. कोणाची? किती? आणि हे गायनवृंद ज्यांनी सुरू केले, त्यांचा हेतू हाच होता का?

पहिल्या दोन प्रश्नांसाठी पेपर वाचावे लागतात. तिसऱ्यासाठी इतिहास वाचावा लागतो, आणि आम्ही विज्ञानवाले नेमका तोच टाळतो. मीही टाळला होता.

सुरुवातीपासून सांगते. डिमेन्शिया हा एकच आजार नाही. स्मृती, भाषा, निर्णयक्षमता ढासळत जाण्याच्या अवस्थेला हे नाव आहे आणि तिचं सर्वांत मोठं कारण अल्झायमर. १९०१ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिच्या मृत्यूनंतर डॉ. अलॉईस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूतले बदल १९०६ साली ट्युबिंगेनच्या सभेत मांडले. पुढे कितीतरी दशकं संशोधनाचा मुख्य प्रश्न त्या मेंदूभोवतीच फिरत राहिला. घरी त्या व्यक्तीसोबत दिवसरात्र राहणारा माणूस या चित्रात जवळजवळ नव्हताच.

तो चित्रात आला, त्याचं एक ठळक उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. साथरोगशास्त्राच्या संशोधक मेरी मिटलमन आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात १९८७ पासून एक दीर्घ अभ्यास चालवला. रुग्णाला नवं औषध दिलं नाही. मदत दिली ती त्याची काळजी घेणाऱ्या पती किंवा पत्नीला : समुपदेशन, कुटुंबाच्या बैठका, आधारगट, अडचण आली की फोनवर सल्ला. ४०६ जोडीदारांवरचे निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. मदत मिळालेल्या कुटुंबांत रुग्णाला नर्सिंग होममध्ये ठेवण्याची वेळ साधारण ५५७ दिवसांनी लांबली होती. म्हणजे आधार दिला एकाला आणि फरक पडला दुसऱ्याच्या आयुष्यात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच काळात इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डचे टॉम किटवुड वेगळ्या वाटेने जवळपास तिथेच पोहोचत होते. १९९७ च्या ‘डिमेन्शिया रिकन्सिडर्ड’ या पुस्तकात त्यांनी मांडलं की आजाराने मेंदू बदलतो हे खरं, पण माणसाचं माणूसपण भोवतालच्या लोकांच्या वागण्यावरही टिकतं किंवा मोडतं.

आता गाण्याकडे येऊ. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूबरी या गावी अल्झायमर्स सोसायटीच्या क्रेआन माँटगोमेरी-स्मिथ यांनी ‘सिंगिंग फॉर द ब्रेन’ सुरू केलं. नावात मेंदू आहे, पण सत्राची रचना बघा : वर्तुळात बसायचं, नाव घेऊन स्वागत करणारं गाणं, मग ओळखीची गाणी, चहापाणी, गप्पा. आणि गायला दोघांनीही यायचं, आजारी व्यक्तीनेही आणि तिची काळजी घेणाऱ्यानेही. २०११ मध्ये मिटलमन यांनीच न्यूयॉर्कमध्ये ‘द अनफरगेटेबल्स’ हा गायनवृंद उभा केला. जोडीने सराव, जोडीनेच मैफल. काळजीवाहकाला वर्षानुवर्षं आधार देऊन झाल्यावर त्यांनी आता दोघांना एकत्र करता येईल असं काम शोधलं होतं. त्यावरून स्फूर्ती घेऊन २०१४ मध्ये मिनेसोटात ‘गिव्हिंग व्हॉइस’ सुरू झाला आणि आपल्या गावात असा वृंद कसा काढावा याची माहितीही त्यांनी इतरांना दिली. या मंडळींच्या भाषेत ‘काळजी घेणारा’ हा शब्द मागे पडून ‘काळजीतला सोबती’ अशा अर्थाचा शब्द पुढे आला. नुसता शब्द बदलला असं समजू नका. शब्दाबरोबर अभ्यासाचं एककही बदललं : एक रुग्ण नव्हे, एक जोडी.

मग माझं वाक्य आलं कुठून? गाणं खरंच टिकतं, त्यामुळे. २०१५ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं की फार जुनी, ओळखीची गाणी ऐकताना मेंदूचे जे भाग काम करतात, त्यांची झीज अल्झायमरमध्ये तुलनेने कमी होते. मात्र ते भाग शोधले होते तरुण, निरोगी लोकांत, आणि झीज मोजली होती दुसऱ्याच गटात. शिवाय जुनं गाणं आठवणं वेगळं आणि गाण्यामुळे बाकीची स्मरणशक्ती सुधारणं वेगळं. मी ही उडी एका ओळीत मारली होती.

२०१४ चा फिनलंडचा अभ्यास बघा. ८९ जोड्या, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या तीन गटांत विभागलेल्या : दहा आठवडे गाणं, दहा आठवडे गाणं ऐकणं, किंवा नेहमीची काळजी. काही बौद्धिक चाचण्यांत सुधारणा दिसली, पण नुसतं ऐकणाऱ्यांतही दिसली. ऐकणाऱ्यांचा गट नसता तर सगळं श्रेय गाण्याला गेलं असतं. कंट्रोल ग्रुप नुसता असून भागत नाही, तो कसला आहे हे विचारायचं ते यासाठी. गाण्याच्या बाजूने जे जास्तीचं निघालं, त्यात अल्पकालीन स्मृतीबरोबर काळजीवाहकाचं स्वास्थ्यही होतं.

आता त्याच्या आदल्या वर्षीचा, इंग्लंडमधला पॉल कॅमिक आणि सहकाऱ्यांचा अभ्यास घ्या. फक्त दहा जोड्या, कंट्रोल ग्रुप नाही. बहुतेक मोजमापांवर रुग्णांची अवस्था थोडी खालावली, तरी त्यांच्या जीवनाची गुणवत्ता बऱ्यापैकी स्थिर राहिली. माझ्या जुन्या वाक्याच्या चष्म्यातून हा फसलेला प्रयोग आहे. पण प्रश्न ‘आजार पुढे सरकत असताना जगणं कसं राहिलं?’ असा असेल, तर इथे काहीतरी हाती लागलंय. दहा जोड्यांवरून सिद्ध काहीच होत नाही, पण पुढचा प्रश्न नक्की मिळतो. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फेलिसिटी बेकर आणि सहकाऱ्यांनी वृद्धनिवासांतल्या ३१८ व्यक्तींवर मोठी चाचणी छापली. मुख्य मोजमाप होतं नैराश्य, आणि समूहगान करणाऱ्यांत सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणं कमी आढळली. पण ही माणसं निवासात राहणारी होती. घरून जोडीने येणाऱ्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

मधल्या काळात कोविड आला. एकत्र गाण्यानेच संसर्ग पसरतो हे कळल्यावर वृंद बंद झाले, अनेक ऑनलाइन गेले. ऑनलाइन आवाज मागेपुढे पोहोचतो, म्हणून सगळ्यांनी आपापला माईक बंद ठेवून गायचं. गाणी तीच, पण बाजूच्याचा आवाज नाही. ‘गाणं’ आणि ‘एकत्र गाणं’ हे दोन वेगळे घटक आहेत, हे मला तेव्हा नीट समजलं.

तुम्ही म्हणाल, एका वाक्यासाठी एवढा खटाटोप कशाला? समजा, माझं ते वाक्य वाचून एखादी मुलगी आपल्या आईला दर आठवड्याला गायला घेऊन गेली. तीन महिन्यांनी आईला तिचं नाव आठवलं नाही, तर तिला वाटेल, गाणं फुकट गेलं. नाहीतर वाटेल, मीच कुठेतरी कमी पडले. त्या बारा दुपारी दोघींनी शेजारी बसून गायल्या, हा फायदा माझ्या वाक्यात कुठेच मोजलेला नसेल. आणि अनुदान देणाऱ्यांनी ‘स्मरणशक्ती तर वाढली नाही’ म्हणून वृंद बंद केला, तर त्यातही माझ्या वाक्याचा वाटा असेल.

आता सिनॉप्सिसमध्ये वाक्य असं आहे : ‘डिमेन्शिया असलेली व्यक्ती आणि तिचा सोबती यांनी एकत्र गाण्याचा दोघांच्या मनःस्थितीवर आणि परस्परसंवादावर काय परिणाम होतो?’ लांब आहे, शेवटी प्रश्नचिन्ह आहे, पहिल्यासारखं दणदणीत नाही. पण आता ‘कोणाची?’ याचं उत्तर त्यातच आहे.

तुमच्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात उघड वाटणारं वाक्य आज बाहेर काढा. ते आधी कोणी, कशासाठी म्हटलं होतं हे शोधा. मोजपट्टी त्यानंतर निवडा.