खरेदीची नीती : शनिवारवाडा ते कचऱ्याची बादली

गेल्या मार्गशीर्षात आमच्या शनिवार पेठेतल्या इमारतीच्या सभासदांची बैठक झाली. विषय साधा होता. दारोदार येऊन कचरा नेणाऱ्या मावशींना प्रत्येक घरामागे दरमहा जे पैसे द्यावे लागतात, त्याहून कमी दरात एक ठेकेदार गाडी पाठवायला तयार होता. ओला-सुका वेगळा करण्याची कटकट नाही, सगळे एका पिंपात टाकायचे. बचत प्रत्येक घरामागे महिन्याला एका मिसळीच्या किमतीइतकी. तरीही चर्चा दीड तास चालली आणि निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. पुण्यात यात नवल ते काय!

मी इतिहासाचा विद्यार्थी. तेव्हा घरी आल्यावर मनात आले, की 'स्वस्त मिळते ते घ्यावे' यापलीकडे काही विचार आपल्याकडे खरेदीच्या बाबतीत कधी झाला होता का? अलीकडे मोठ्या कंपन्यांच्या अहवालांत 'सामाजिक खरेदी', 'शाश्वत पुरवठा साखळी' असे शब्द दिसतात. ब्रिटनमध्ये सार्वजनिक खरेदी करताना सामाजिक हिताचा विचार करायला सांगणारा कायदा २०१२ साली झाला. त्याच वर्षी भारत सरकारने केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रमांसाठी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून ठरावीक वाटा खरेदी करण्याचा आदेश काढला. तो वाटा पुढे २५ टक्के झाला. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिला उद्योजकांसाठी. शब्द नवे आहेत हे खरे. पण प्रश्न नवा आहे का?

शोध घ्यायला फार लांब जावे लागले नाही. आमच्या गच्चीवरून शनिवारवाड्याचा तट दिसतो.

वाड्याचा माल

शनिवार पेठेचे जुने नाव मुर्तजाबाद. थोरल्या बाजीरावांनी तिच्या कडेला १७३० साली वाड्याचा पाया घातला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत केली. पुण्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असलेली माहिती अशी, की सागवान जुन्नरच्या जंगलातून आले, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीच्या बाजूने. खर्च १६,११० रुपये. आजच्या भाषेत ही पुरवठा साखळीच झाली. फार तर तीन-चार दिवसांच्या बैलगाडीच्या वाटेत मावणारी.

आपण हा १६,११० चा आकडा कौतुकाने सांगतो. पण या आकड्यात काय धरले आणि काय धरले नाही, हे विचारत नाही. त्या काळी वेठ हा राज्यव्यवहाराचा सर्वमान्य भाग होता. सरकारी कामाला गावकऱ्यांनी अंगमेहनत द्यायची, ओझी वाहायची, आणि हा भार बहुतेक वेळा गावगाड्यातल्या तळच्या जातींवर पडायचा. वेठीचा दिवस कोणत्याही जमाखर्चात पूर्ण किमतीने लिहिला जात नसे. म्हणून जुन्या बांधकामाचा खर्च वाचताना मी तो 'निदान एवढा' असा वाचतो. जे फुकट मिळाले ते कुणाच्या तरी घरून गेलेले असते.

आज्ञापत्रातले झाड

पण त्याच मराठी राज्यव्यवहारात याच्या नेमका उलट विचार मांडणारा एक मजकूर आहे. समाजमाध्यमांवर दरवर्षी पर्यावरणदिनी तो 'शिवरायांचे पत्र' म्हणून फिरतो. वस्तुतः तो आहे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तला, म्हणजे १७१५-१६ च्या सुमाराचा, कोल्हापूरच्या गादीच्या आश्रयाने लिहिलेला. अमात्यांची उमेदवारी शिवाजीमहाराजांच्याच कारकिर्दीत झालेली असल्याने त्यात थोरल्या महाराजांची रीत उतरली आहे असे मानायला हरकत नाही. मात्र हस्ताक्षर अमात्यांचे, हे विसरू नये.

प्रकरण आरमाराचे आहे. जहाजांना फळ्या, सोट, डोलकाठ्या लागतात. लाकूड आणायचे कुठून? अमात्यांचे उत्तर पायरीपायरीने येते. राज्यातल्या अरण्यात सागवान वगैरे आहे, त्यातले हवे तेवढे हुजुराला लिहून, परवानगी घेऊन तोडावे. त्याहून अधिक लागले तर परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही जहाजाला चालते, पण त्याला हात लावू देऊ नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही, आणि एकाला दुखवून केलेले काम करणाऱ्यासकट बुडते. एखादे झाड अगदीच जीर्ण, निरुपयोगी झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजबरी मुळीच करू नये.

हा उतारा आपण वृक्षप्रेमाचा म्हणून वाचतो. मला तो खरेदीखात्याच्या नियमावलीसारखा वाटतो. त्यात परवानगी आहे, पर्यायी पुरवठा आहे, नव्याने वाढायला लागणाऱ्या काळाचा हिशेब आहे, किंमत आहे, आणि किंमत देऊनही उरणारी एक अट आहे : विकणाऱ्याची राजीखुशी. मागे १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतल्या घोडदळाला शिवाजीमहाराजांनी पाठवलेले पत्रही याच जातीचे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आताच उधळलात, तर पुढे कुणब्याच्या घरातले दाणे, भाकर, गवत, फाटे, भाजीपाला ओढून आणाल. मग रयत म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. म्हणून लागेल ते बाजारातून विकत घ्यावे. साठा काटकसरीने वापरला नाही की त्याची किंमत अखेर सर्वांत दुबळ्या माणसाकडून वसूल होते, हे त्या पत्राचे मर्म. 'शाश्वतता' आणि 'सामाजिक न्याय' ही दोन वेगळी खाती नाहीत, हे या मजकुरांना पक्के ठाऊक होते. हुकूम निघाला म्हणजे तो पाळला गेला असे मात्र समजू नये. हुकूम काढावा लागला, याचाच अर्थ तसे घडत होते.

सार्वजनिक काकांची शपथ

पुढची खरेदी राजाची नव्हे, गिऱ्हाइकाची. इंग्लंडमध्ये १७९१ नंतर अनेक कुटुंबांनी गुलामांच्या श्रमातून आलेली साखर घ्यायचे सोडले होते. पुण्यात वस्तू विकत घेणे हे नैतिक कृत्य आहे, हे जाहीरपणे आणि स्वतःच्या अंगावर वागवून सांगितले ते गणेश वासुदेव जोशी यांनी. पुणे सार्वजनिक सभेच्या १८७० मधल्या स्थापनेमुळे ते 'सार्वजनिक काका' झाले. लोकहितवादींनी 'शतपत्रां'त देशी मालाचा आग्रह आधीच मांडला होता. काकांनी १२ जानेवारी १८७२ रोजी शपथच घेतली, की स्वदेशीच वापरीन. पेशाने वकील असलेला हा गृहस्थ सूत कातू लागला, आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात सभेचा प्रतिनिधी म्हणून खादीच्या वेषात गेला. देशी मालाची दुकाने निघावीत म्हणूनही त्यांनी खटपट केली. महात्मा गांधींचे तेव्हा बालपणच चालू होते, हे लक्षात घेतले की या वेषाचे धाडस कळते.

काका १८८० मध्ये गेले. त्यांचा विचार १९०५ च्या वंगभंगानंतर लोकमान्यांच्या चतुःसूत्रीतून पुन्हा उभा राहिला. प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा गोळा करण्याच्या अंताजी दामोदर काळ्यांच्या कल्पनेतून पैसा फंड आला आणि तळेगावात १९०८ मध्ये काचेचा कारखाना निघाला. भांडवल पुरवणारा आणि गिऱ्हाईक एकच, अशी ती रचना होती.

या परंपरेचा मला अभिमान आहे. म्हणूनच तिच्यातली उणीवही सांगितली पाहिजे. स्वदेशीच्या शपथेने माल कुठल्या देशाचा हे विचारले. तो कोणाच्या हातचा आणि त्या हाताला काय मिळाले, हे क्वचितच विचारले. मुंबईच्या गिरण्या देशी भांडवलाच्या होत्या, त्यांचे कापड स्वदेशीच होते. पण त्यांतल्या कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. ती मागायला सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून उभे राहिले, आणि रविवारची सुट्टी मान्य व्हायला १८९० चा जून उजाडावा लागला. लोखंड्यांचे गुरू जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला त्यांनी साहित्य पुरवले होते. बांधकाम खात्यातली टक्केवारी आणि मजुरांची लूट त्यांनी आतून पाहिली, आणि त्यावर लिहिलेही. पेठांतल्या स्वदेशीने फुल्यांचा हा प्रश्न आपल्या शपथेत घेतला असता, तर पुढचा इतिहास थोडा वेगळा झाला असता असे मला राहून राहून वाटते.

कागद, काच, पत्रा

तो प्रश्न पेठेत परत आला तो कचऱ्याच्या टोपलीतून. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून आणि इतर कोरडवाहू भागांतून अनेक कुटुंबे पुण्यात आली. त्यांतल्या कितीतरी दलित बायकांच्या वाट्याला कचराकुंडीतून कागद, काच, पत्रा वेचून भंगारवाल्याला विकण्याचे काम आले. या वस्तू भंगाराच्या दुकानातून ठोक व्यापाऱ्याकडे आणि तिथून कारखान्यात जात. उद्योगाला कच्चा माल पुरवणारी ही साखळी होती. फक्त तिच्या पहिल्या कडीला कोणी पुरवठादार म्हणत नव्हते. पोलीस चोर म्हणत, आपण घाण म्हणत होतो.

एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या या बायकांबरोबर काम करत होत्या. त्यातून आणि डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारातून १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पहिली मागणी पैशाची नव्हती, ओळखीची होती. महापालिकेने मान्य केलेले ओळखपत्र हाती आले, तेव्हा 'कचरेवाली'ची 'कचरावेचक' झाली. वेचक कचरा उचलून शहराचा वाहतुकीचा व विल्हेवाटीचा खर्च वाचवतात, हे पंचायतीने आकडेवारीनिशी मांडले. पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली, आणि २००८ मध्ये महापालिकेने दारोदार कचरा गोळा करण्यासाठी तिच्याशी करार केला. आज तिच्या काही हजार सभासद आहेत.

या कराराची रचना पाहण्यासारखी आहे. महापालिका पगार देत नाही; सेवेचे पैसे घरोघरची माणसे देतात, आणि सुका कचरा विकण्याचा हक्क वेचकाचा. म्हणजे तिची काही कमाई आपल्या बादलीत असते. ओले-सुके एकत्र टाकले की ती कमाई भिजते. भिजलेल्या कागदाला भंगारवाला भाव देत नाही, आणि तो कागद कारखान्याऐवजी डेपोवर जातो. आज्ञापत्रातल्या अमात्यांनी जोडलेल्या दोन गोष्टी इथे पुन्हा एकत्र येतात : माणसाचे नुकसान आणि सृष्टीचे नुकसान एकाच पिंपात. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही वेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले होते. तरी कराराची मुदत संपत आली की अनिश्चितता येते, कारण गाडी, यंत्र आणि एकगठ्ठा ठेका यांचे आकर्षण कुठल्याही खरेदीदाराला असतेच. आमच्या इमारतीलाही होते.

पुढची बैठक

दुसऱ्या बैठकीत मी हे सारे सांगितले. माझ्या अंदाजापेक्षा लोकांनी शांतपणे ऐकले. मग तळमजल्यावरच्या काकूंनी विचारले, "तुमच्या त्या अमात्यांनी धन्याला राजी करायला सांगितलं ना? आपण त्या मावशींना काही विचारलंय का?"

विचारले नव्हते. मीही नाही. बारा वर्षे त्या रोज सकाळी जिना चढतात, आणि मी तीनशे वर्षांपूर्वीच्या आंब्या-फणसाची संमती शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी विचारले. त्यांनी आधी संशयाने पाहिले. मग म्हणाल्या, "दर आहे तो राहू द्या. सॅनिटरीचं वेगळं कागदात बांधून द्या, हात भरतात. आणि खाली नळाला साबण ठेवा. वरच्या मजल्यावरून पाणी मागायला बरं नाही वाटत."

मतदान झाले. नऊ विरुद्ध सहा मतांनी मावशी राहिल्या. साबणाचा ठराव एकमताने झाला. मात्र त्या आजारी पडल्या तर बदली कोण येणार आणि त्या दिवसांचे पैसे त्यांना मिळणार का, हा विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर ठेवला आहे. रविवारची सुट्टी मिळायला गिरणीत सहा वर्षे लागली होती. आमच्या इमारतीत पंधराच घरे आहेत. तेवढी लागू नयेत.