पाय बांधण्याचा इतिहास

'बाइंडिंग' म्हटले की मराठी वाचकाला पुठ्ठा, खळ आणि पुस्तकाची शिवण आठवते. बर्फावरच्या खेळात हाच शब्द पाय फळीशी जखडून ठेवणाऱ्या रचनेसाठी वापरतात. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे रोवून उतार उतरायचा असतो. त्यासाठी नवे बाइंडिंग निवडणे ही वरवर दुकानदारीची बाब वाटते. पण दुकानात मांडलेल्या प्रकारांमागे एक जुना वाद आहे : पाय बांधावेत का, आणि बांधायचे तर किती?

या खेळाचा प्रारंभ बांधणीशिवायच झाला. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी मुलींच्या करमणुकीसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या. त्यांच्या पत्नी नॅन्सी यांनी 'स्नो' आणि 'सर्फ' हे शब्द एकत्र करून 'स्नर्फर' हे नाव घडवले. (नामकरणाचे श्रेय क्वचितच कोणी लक्षात ठेवतो, म्हणून मुद्दाम नोंदवतो.) फळीच्या टोकाला धरायला दोरी असे, पाय नुसते टेकवलेले. तोल गेला की माणूस एकीकडे आणि फळी दुसरीकडे. त्यातच खेळाची गंमत मानली जाई.

१९७९ साली मिशिगनमधील स्नर्फर स्पर्धेत जेक बर्टन कार्पेंटर हा तरुण स्वतः बनवलेली फळी घेऊन आला. तिच्यावर पाय अडकवण्याची सोय होती. इतरांनी आक्षेप घेतला : हा स्नर्फर नव्हेच. अखेर त्याच्यासाठी वेगळा 'खुला' विभाग काढण्यात आला. त्या विभागात तो एकटाच होता आणि अर्थातच जिंकला. आक्षेप घेणारे चूक होते असे मला वाटत नाही. नियमांच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे रास्तच होते. मात्र पाय बांधल्यामुळे फळी वळवता येऊ लागली, आणि वळवता आली म्हणूनच ती तीव्र उतारावर नेता आली. नॉर्वेत एकोणिसाव्या शतकात सोंद्रे नूरहाइम यांनी पिळलेल्या डहाळ्यांनी टाच स्कीला बांधली, तेव्हा स्कीइंगलाही असेच वळण लागले होते.

पुढचा प्रश्न उभा राहिला तो जागा बदलल्यामुळे. मऊ, खोल बर्फात साधे पट्टे पुरत. १९८३ साली व्हरमाँटमधील स्ट्रॅटनने स्नोबोर्डला प्रवेश दिला आणि हळूहळू इतर स्की-केंद्रेही खुली झाली. तेथील दाबून घट्ट केलेल्या बर्फावर टाचेकडची कड रुतवण्यासाठी पोटरीला मागून आधार हवा होता. तो उंच पाठीच्या बाइंडिंगने दिला. त्या रचनेचे श्रेय जेफ ग्रेल यांना दिले जाते. आजही पाठ ताठ घ्यावी की लवचिक, हा निवडीतला कळीचा प्रश्न आहे. ताठ पाठ वेगात आज्ञाधारक असते, तर लवचिक पाठ नवशिक्याच्या चुका पोटात घालते.

स्कीचे बाइंडिंग पडताना सुटते. स्नोबोर्डचे सहसा सुटत नाही. एकच पाय मोकळा झाला तर दुसरा फळीबरोबर पिळवटला जाईल, हे त्यामागचे कारण. पाळण्याकडे जाताना मात्र मागचा पाय सोडावा लागतो आणि वर पोहोचल्यावर, बहुधा बर्फात बसून, पुन्हा बांधावा लागतो. या कंटाळ्यातून १९९० च्या दशकात पाय ठेवताच अडकणारी बाइंडिंगे आली. पण त्यांच्या खटक्यांत बर्फ साचे, आणि पट्टे गेल्यामुळे बूटच ताठ करावे लागल्याने फळीची जाणीव बोथट होई. ती मागे पडली. २०१७ साली बर्टन कंपनीने 'स्टेप ऑन' आणले : टाचेला एक आणि चवड्याला दोन अशा तीन ठिकाणी बूट अडकतो. मात्र त्यासाठी बूट त्याच पद्धतीचा हवा. २०२२ मध्ये निडेकर या स्विस कंपनीने 'सुपरमॅटिक' काढून ही अट सैल केली. पट्ट्यांच्या जुन्या बाइंडिंगला ती अट कधीच नव्हती. मापाचा कोणताही स्नोबोर्ड-बूट त्यात बसतो, आणि दुकानात अजूनही बहुतेक जागा त्यांनीच व्यापलेली असते.